रायाडरची चाल

जानेवारी १९७५. लंडनच्या नॉटिंग हिलमधली बेसिंग स्ट्रीट. चार वाजून गेलेत, बाहेर अंधारायला लागलंय, आणि समोरची इमारत पाहून आपण पत्ता चुकलो असंच तुम्हाला वाटेल. ही तर चर्चची वास्तू. पण इथली प्रार्थना कधीच थांबली. आता इथे आयलंड रेकॉर्ड्सचा स्टुडिओ आहे. चार हिवाळ्यांपूर्वी याच छपराखाली जेथ्रो टलचं 'ॲक्वालंग' आणि लेड झेपलिनचा चौथा अल्बम अशी दोन कामं एकाच सुमारास चालली होती. खिशातले पौंड जपून वापरा. महागाई वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास पोचली आहे, आणि गेल्या वर्षी याच महिन्यात वीज वाचवायची म्हणून इथले कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते. दार ढकला, आत या. आत ऊब आहे.

चौघं दिसतायत. गळ्यात लेस पॉल गिटार अडकवलेला, बासरीही हाताशी ठेवलेला तो अँड्र्यू लॅटिमर, वय २५. हॅमंड ऑर्गन, पियानो आणि मिनीमूग यांच्या मधोमध बसलेला पीटर बार्डेन्स. चौघांत तोच वयाने मोठा आणि मुरलेला. व्हॅन मॉरिसनच्या 'देम'मध्ये वाजवून आलेला आणि एके काळी स्वतःच्या बँडमध्ये पीटर ग्रीन आणि मिक फ्लीटवुडला घेऊन बसलेला. बेस गिटारवर डग फर्ग्युसन. ड्रम्सच्या मागे अँडी वॉर्ड, अवघा २२ वर्षांचा. बँडचं नाव कॅमल. काचेपलीकडे निर्माता डेव्हिड हिचकॉक आणि ध्वनिमुद्रण सांभाळणारा ऱ्हेट डेव्हिस.

इंग्लंडमध्ये हा सिम्फनिक प्रोग्रेसिव्ह रॉकच्या भर दुपारचा काळ आहे. येस, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर यांनी रॉकला तीन मिनिटांच्या गाण्यातून बाहेर काढलंय. रेकॉर्डची एक आख्खी बाजू व्यापणारी रचना, सिम्फनीत असतात तशा फिरून फिरून येणाऱ्या सुरावटी, ऑर्गनचे थर, सतत बदलणारे ठेके. या सगळ्यात हात दाखवायची चढाओढ फार आहे. कॅमलचं मला आवडतं ते हे, की त्यांच्याकडे चाल आधी येते आणि कसब तिच्या मागून. लॅटिमर एका स्वरावर थांबू शकतो. त्याच्या पिढीतल्या किती जणांना हे जमत होतं?

या चौघांच्या हाती आत्ता एक विचित्र काम आहे. त्यांना एक गोष्ट सांगायची आहे, पण एकही शब्द न वापरता.

आदल्या वर्षी त्यांनी 'मिराज' काढला. त्यात टॉल्किनवरून सुचलेली एक लांब रचना होती, आणि ती ऐकणाऱ्यांना भावली. मग ठरलं, पुढचा अख्खा अल्बम एकाच पुस्तकावर करायचा. हेरमान हेसेचं 'सिद्धार्थ' आणि 'स्टेपनवुल्फ' ही नावं चर्चेत होती. फर्ग्युसनने पॉल गॅलिकोचं 'द स्नो गूज' पुढे केलं. 'सिद्धार्थ' झालं नाही याचं मला बरंच वाटतं. त्या वर्षांत लंडनमध्ये भारत म्हटलं की सतारीचे दोन झणत्कार आणि उदबत्तीचा धूर एवढंच हाती लागे. दलदल, धुकं, करडा समुद्र, छोट्या होड्या हे मात्र या मुलांच्या आसपासचं होतं, आणि डंकर्क तर त्यांच्या आईबापांच्या पिढीने प्रत्यक्ष अनुभवलेलं.

गॅलिको अमेरिकन. त्याची ही कथा १९४० साली 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये आली आणि १९४१ मध्ये छोटेखानी पुस्तक म्हणून निघाली. त्याने कॅमलच्या अल्बमला कायदेशीर हरकत घेतली. त्याला धूम्रपानाचा तिटकारा होता आणि हा बँड म्हणजे कॅमल सिगारेटवाल्यांचाच उद्योग असं त्याला वाटलं, असं सांगतात. (तसं वाटायला थोडी जागाही होती: 'मिराज'चं मुखपृष्ठ त्या सिगारेटच्या पाकिटासारखंच होतं.) परिणाम असा की त्याच्या मजकुरावर आधारलेली गाणी अल्बममध्ये येऊ शकली नाहीत, आणि मुखपृष्ठावर नावाआधी 'यावरून सुचलेलं संगीत' अशा अर्थाची ओळ जोडावी लागली.

म्हणजे कथा आहे, पण ती सांगायला मुभा नाही. अशा वेळी हातात उरतात ते सूर, आणि ऐकणाऱ्याची आठवण. हा अल्बम आजही का टिकून आहे, याचं माझं उत्तर या दुसऱ्या गोष्टीत आहे: ऐकणाऱ्याच्या आठवणीत. ते कसं, हे तुम्हाला काचेअलीकडे उभं राहून कळायचं नाही. आत शिरावं लागेल. टेप फिरू लागली आहे, दोन इंच रुंदीची. डोळे मिटा.

उघडाल तेव्हा १९३० सालातला वसंत सरत आलेला असेल. पायाखाली एसेक्सच्या किनाऱ्यावरचं खाजण आहे. भरतीला पाण्याखाली जाणारं, ओहोटीला उघडं पडणारं, मैलोन्मैल गवत आणि चिखल. दूर कुठे पक्षी बोलतायत. मग ऑर्गन हळूहळू दाटत जातो आणि त्यावर शब्दाविना एक आकार उमटतो. कुणाचा, ते ओळखू येत नाही. 'द ग्रेट मार्श'. दोन मिनिटांच्या आसपासचा तुकडा, पण घाई अजिबात नाही.

या खाजणाच्या टोकाला एक वापरात नसलेलं दीपगृह आहे आणि ते विकत घेऊन एक माणूस राहायला येतो. फिलिप रायाडर, वय २७, चित्रकार. पाठीला कुबड, डावा हात मनगटाशी वाकलेला. माणसांनी नजर चुकवली म्हणून तो पाखरांत येऊन राहिलेला.

आता ऐका. इलेक्ट्रिक पियानोच्या हलत्या चालीवर लॅटिमरची बासरी येते. गॅलिको या माणसाचं शरीर तुम्हाला वर्णन करून सांगतो. कॅमलला तो मार्गच बंद आहे. त्यांनी कुबडाचं संगीत केलं नाही, दुःखाचं केलं नाही. त्यांनी रायाडरला दिली ती एक हलकी, जवळजवळ आनंदी सुरावट, सकाळी होडी सोडणाऱ्या माणसाची. जग त्याला ज्या नजरेने बघतं ती नजर या चालीत नाहीच. तो एकटा असताना स्वतःच्या आत जसा असतो, तसा तुम्हाला तो आधी भेटतो. मग रायाडर गावात जातो, सामानसुमान आणायला, आणि ठेका एकदम कडक होतो. कीबोर्डचा ठोसा, वॉर्डचे तुटक फटके. गावातली पोरं, खिडक्या, कुजबुज. मधेच गिटार सगळं थांबवून हळू, ब्लूजच्या वळणाने बोलू लागते. एवढा वेळ ज्याने मान खाली घातली होती त्याने ती वर करावी, तशी.

तीन वर्षांनी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, बांधावरून एक मुलगी चालत येते. बाराएक वर्षांची, हातात रक्ताळलेला मोठा पक्षी. फ्रिथा. तिला या माणसाची भीती वाटते, तरी ती आली आहे, कारण त्याच्याजवळ पाखरं बरी होतात असं तिने ऐकलंय. अकूस्टिक गिटारवरचा तिचा तुकडा इतका छोटा आहे की सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो. लहान मुलं दारात येऊन उभी राहतात तेवढाच. तिच्या हातात आहे ती स्नो गूज. कॅनडाची, अंग पांढरंशुभ्र, पंखांची टोकं काळी. वादळाने ती महासागर ओलांडून इथवर आणून टाकली आहे. रायाडर तिला नाव देतो, 'ला प्रँसेस पेर्द्यू', हरवलेली राजकन्या.

पक्ष्याची चाल लॅटिमरने गिटारकडे दिली आहे. लांब स्वर, एकावरून दुसऱ्यावर मींडेने जाणारे, आणि खाली ऑर्गन पसरलेला. हे वादन शिकण्यासारखं आहे. त्याला वेगाने वाजवता येत नाही असं नव्हे, पण पंख मोठे असले की फडफड कमी लागते, हे त्याने ओळखलंय.

'फ्रेंडशिप'मध्ये चौघंही मागे सरतात आणि फुंकून वाजवायची लाकडी वाद्यं पुढे येतात, बसूनच्या डुगडुगत्या आवाजात एकमेकांशी बोलू लागलेली. रॉकच्या रेकॉर्डवर ही जागा अनपेक्षित आहे. हे डेव्हिड बेडफर्डचं काम: वाद्यवृंदाची मांडणी त्याची, संचालन त्याचं. माइक ओल्डफील्डच्या 'ट्युब्युलर बेल्स'ला ऑर्केस्ट्राचं रूप देणारा हाच. त्या काळी रॉक बँडच्या मागे ऑर्केस्ट्रा म्हणजे बहुधा व्हायोलिनांचा लोट असे, सगळं गोड करून टाकणारा. बेडफर्ड तसं करत नाही. त्याला ठाऊक आहे की एक मुलगी, एक कुबडा माणूस आणि एक पक्षी एवढ्यांच्या मैत्रीला तीनचार वाद्यं पुरेत.

पक्षी बरा होतो, थवे उत्तरेला निघतात, तीही जाते. 'मायग्रेशन'मध्ये गिटारबरोबर माणसाचा गळा धावतो, शब्दांशिवाय. आणि पुढच्याच क्षणी 'रायाडर अलोन'. इलेक्ट्रिक पियानोवर तीच बासरीची चाल, पण लय बसलेली. रेकॉर्डची पहिली बाजू इथे संपते.

इथे जरा थांबा. घडलं काय ते पाहा. मघाशी तुम्ही ही चाल ऐकलीत तेव्हा ती नुसती चाल होती, छान, एवढंच. आता ती परत आली आणि तुमच्या मनात 'अरे, हा तर तो' असं झालं. कुणी सांगितलं नाही तुम्हाला की तो एकटा पडला. मुलगी निघून गेली, पक्षी गेला, हे कुठल्या ओळीत नाही. ती ओळ तुम्ही लिहिलीत. गवयाने मुखडा पुन्हा घेताना एखादा स्वर उतरता ठेवावा आणि ऐकणाऱ्याच्या छातीत कळ यावी, त्या कुळीतली ही गोष्ट. शब्द असते तर कदाचित आपण शब्दांवर भार टाकून मोकळे झालो असतो.

रेकॉर्ड उलटा. दुसऱ्या बाजूला उड्डाण आहे. पुटपुटल्यासारख्या फिरणाऱ्या स्वरांवर एकेक वाद्य चढत जातं. वर्षं जातात. स्नो गूज शरदात येते, फ्रिथाही येते, आणि पक्षी गेला की मुलीचं येणंही थांबतं. मग १९४० चा वसंत. थवे निघून गेलेत, स्नो गूज मात्र राहिली आहे. फ्रिथा बांधावर पोचते तेव्हा रायाडर त्याच्या छोट्या होडीत सामान भरतोय. समोरच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य अडकलंय. वाळूवर उभ्या माणसांना मोठ्या जहाजापर्यंत पोचवायला उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या हव्यात. त्याच्याकडे होडी आहे. वाकड्या हाताने ती हाकणं त्याला जमतं. एवढंच त्याचं म्हणणं.

'डंकर्क'. अल्बममधला हा सर्वात भारी तुकडा, आणि इथे तुमच्या पायाखाली खरी वाळू आहे. २६ मे ते ४ जून. मागे शहर जळतंय, वर विमानं, आणि समुद्रात गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या रांगा. नऊ दिवसांनंतर हिशोब लागेल तो ३,३८,२२६ माणसांचा. या गर्दीत कुणाच्या डोक्याला फेटा दिसला तर नजर चुकली असं समजू नका. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचरवाल्या कंपन्या इथे आहेत, बहुतेक पंजाबी मुसलमान. त्यांच्यातल्या तीन कंपन्या निसटतील, एक जर्मनांच्या हाती लागेल, आणि खेचरं सगळी मागे राहतील. गॅलिकोच्या कथेत ते नाहीत, कॅमलच्या सुरांतही नाहीत. पण तुम्ही इथे आलाच आहात, तर त्यांच्याकडेही बघून घ्या.

वॉर्ड ड्रमवर कूच धरतो. पितळी वाद्यं येतात, ठाम, जड, एकेक पायरी वर चढणारी. मला या रचनेत वॉर्ड सर्वांत मोठा वाटतो. इथे ड्रमरला मोह होणं साहजिक: युद्ध म्हणजे धडाडधूम. तो ते करत नाही. तो चालवत राहतो, जसा समुद्रात होडी नेणारा माणूस वल्हं मोजत राहील, आणि भीती त्या न ढळणाऱ्या मापातून वाढते. मग गिटार वरून येते. वर पाहा. धुरात एक पांढरा पक्षी होडीभोवती घिरट्या घालतोय. कथेत सैनिक पुढे दारूच्या गुत्त्यात बसून एकमेकांना हे सांगतात: कुबडा होता, सात सात जणांना नेत होता, आणि डोक्यावर हे पाखरू.

होडीत तो मरतो, गोळ्या लागून. स्नो गूज त्याच्याभोवती राखणीला राहते, होडी बुडेपर्यंत. 'एपिटाफ'मध्ये व्हायब्राफोनचे थंड ठोके आणि घंटा.

त्यानंतरचं माझं सर्वात आवडतं. पियानोवर 'फ्रिथा अलोन' सुरू होतं. मुलगी आता मुलगी नाही. पक्षी खाजणावर परत येतो, एक घिरटी घालतो, आणि फ्रिथाला कळतं की रायाडर आता परतणार नाही. 'ला प्रँसेस पेर्द्यू'मध्ये उड्डाणाची ती फिरती सुरावट पुन्हा येते, आता तंतुवाद्यांसकट, आणि तिच्यात पक्ष्याचा लांब स्वर मिसळतो. इतक्या वेळात तुम्ही या चाली पाठ केल्या आहेत, नकळत. म्हणून त्या एकमेकींत मिसळतात तेव्हा तुमच्यासाठी माणसं एकमेकांना भेटतात. कथेत जी भेट झालीच नाही, ती इथे सुरांत होते. गॅलिकोच्या पुस्तकाला हे करता आलं नसतं. तिथे मेलेला माणूस मेलेलाच राहतो. एरवी मी शब्दांच्या बाजूचा माणूस आहे, पण या एका ठिकाणी मी निःशंकपणे रेकॉर्डच्या बाजूने उभा राहीन.

आता पुढे चला. एप्रिल १९७५: डेक्काने अल्बम बाजारात आणलाय. श्रेयनामावलीत फर्ग्युसनच्या नावापुढे बेस गिटारच्या जोडीला 'डफल कोट' छापलंय, जाड लोकरीचा टोपीवाला कोट. एवढ्या गंभीर अल्बमवर ही त्यांची एक मोकळी खूण. ब्रिटनच्या यादीत तो २२ व्या क्रमांकापर्यंत चढतो आणि १३ आठवडे टिकतो. गाणं नाही, गायक नाही, तरीही. गॅलिकोच्या संमतीने १९७६ मध्ये स्पाइक मिलिगनच्या निवेदनाचा, एड वेल्शच्या संगीताचा 'स्नो गूज' निघेल, तोही ऐकण्यासारखा आहे. त्यात गोष्ट सांगितली जाते. फरक कळायला दोन्ही एका संध्याकाळी लावून बघावेत.

आणि १७ ऑक्टोबर १९७५. रॉयल अल्बर्ट हॉल, तांबड्या विटांचा तो गोल. तिकीट काढून आत बसा. रंगमंचावर चौघं, आणि त्यांच्या मागे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालनाला बेडफर्ड. स्टुडिओत चूक झाली तर टेप मागे नेता येते. इथे पितळी वाद्यं वॉर्डच्या ठेक्यापासून केसभर सरकली तरी पाच हजार माणसांसमोर सरकणार. मिनीमूग एका वेळी एकच स्वर काढतो आणि गरम झाला की सुरातून हलतो. बार्डेन्सला तो मधेमधे कानाने जुळवून घ्यावा लागणार. या रात्रीचं ध्वनिमुद्रण १९७८ च्या 'अ लाइव्ह रेकॉर्ड'वर आहे, पूर्ण. ते ऐकलं की त्यातला धोका ऐकू येतो, आणि स्टुडिओतल्या रेकॉर्डपेक्षा 'डंकर्क' इथे अधिक खरं वाटतं, कारण इथे खरोखर काही बुडू शकत होतं.

अजून एक उडी, मोठी. ऑक्टोबर २०१३, लंडनचंच बार्बिकन सभागृह. बार्डेन्स २००२ मध्ये गेला. फर्ग्युसन आणि वॉर्ड बँडमध्ये नाहीत. लॅटिमर रक्ताच्या दीर्घ आजारातून, बोन मॅरो प्रत्यारोपणातून वाचून परतलाय, आणि या वर्षी त्याने 'द स्नो गूज' पुन्हा नव्याने मुद्रित केलाय, काही जागा वाढवून. बेसवर कॉलिन बास, ड्रम्सवर डेनिस क्लेमेंट. तुमच्या आजूबाजूला १९७५ साली पंधरा-वीस वर्षांची असलेली माणसं बसली आहेत, आणि त्यांची मुलं. खाजणाचा ऑर्गन दाटतो, थांबतो, आणि लॅटिमर गिटार बाजूला करून बासरी ओठाला लावतो. वय ६४. फुंकरीला पूर्वीपेक्षा जास्त श्वास लागत असणार. पण ती चाल त्याने तरुणपणीच अशी बांधली होती की म्हाताऱ्या माणसालाही ती म्हणता यावी: मोजके स्वर, पोचण्याजोगे, आणि मधे श्वास घ्यायला जागा.